आता डॉक्टरांकडे कुठल्या तोंडाने जाऊ?

प्रश्न: माझं वय ३४. दोन वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११८ किलो होतं, दीड वर्षात ते ७४ वर आलं. गेल्या सहा महिन्यांत मात्र पुन्हा ८० झालंय. पहिलं वर्षभर तपासणीला नियमित जात होते. मग सगळं छान चाललंय असं वाटलं, घरचेही म्हणाले, आता तुला काय झालंय? तेव्हापासून जाणं सुटलं. गोळ्याही सुटल्या. मल्टिव्हिटॅमिन आठवली तर घेते. हल्ली लवकर थकते, जिना चढताना दम लागतो, केस खूप गळतात. रात्री तळपायांना मुंग्या येतात. गोड खाल्लं की छातीत धडधडतं आणि घाम फुटतो. गुडघा दुखला की वेदनाशामक गोळी घेते. आम्हाला मूल हवंय, तोही विचार चालू आहे. थोडं वजन उतरवते आणि मगच डॉक्टरांकडे जाते, असं ठरवलंय. आत्ता गेले तर ते काय म्हणतील? कुठल्या तोंडाने जाऊ? आणि हे जाणं खरंच आयुष्यभर असतं का?

उत्तर: वजन उतरायची वाट बघू नका. याच आठवड्यात जा. बाकीच्या प्रश्नांकडे येतेच, पण हे आधी.

पत्रात तुम्ही वजनाबद्दल बरंच लिहिलंय आणि तळपायांच्या मुंग्यांबद्दल एकच वाक्य. मला सगळ्यात जास्त काळजी त्या एका वाक्याची वाटते. बायपास झालेल्या आणि गोळ्या सुटलेल्या व्यक्तीच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, तर पहिला संशय बी१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा घ्यायचा असतो. हे जीवनसत्त्व अन्नातून सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि आतड्यात शोषलं जायला जठराच्याच पेशींतून पाझरणारं एक प्रथिन लागतं. बायपासमध्ये अन्नाच्या वाटेवर जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यातून जात नाही. त्यामुळे खाल्लेल्या अन्नातून मिळणारं बी१२ खूपच घटतं. यकृतात त्याचा जुना साठा असतो, तो काही वर्षंसुद्धा पुरू शकतो. म्हणूनच पहिल्या वर्षाचे रिपोर्ट चांगले येतात, माणूस निर्धास्त होतो आणि साठा आटत जातो त्या काळात नेमकी तपासणी सुटलेली असते. तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतंय.

बी१२ कमी पडलं की नसांवरचं आवरण खराब होत जातं. लवकर उपचार झाले तर मुंग्या बहुतेक वेळा जातात. महिनोन्‌महिने अंगावर काढलं तर बधिरपणा, चालताना तोल जाणं, विसराळूपणा इथपर्यंत मजल जाते आणि त्यातलं काही नुकसान कायमचं राहू शकतं. म्हणून घाई करायला सांगतेय. हे वाचून घाबरून रात्र जागवायची गरज नाही, पण पुढच्या महिन्यावरही टाकायचं नाही.

इथे एक सावधगिरी. मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिड घ्यायचं असतं, हे तुम्ही ऐकलं असेलच आणि ते बरोबरही आहे. पण बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड सुरू केलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. आधी तपासणीसाठी रक्त द्या, मग डॉक्टर दोन्ही मिळून सुरू करतील. शिवाय मुंग्यांचं कारण तांब्याची कमतरता असू शकतं, बी१ची असू शकतं, रक्तातली साखरही असू शकते. अंदाजाने गोळ्या घेऊन हे उलगडत नाही.

थकवा, दम लागणं आणि केस गळणं यांचा संबंध बहुधा लोहाशी आहे. लोह मुख्यत्वे लहान आतड्याच्या अगदी पहिल्या भागात शोषलं जातं आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. त्यात तुमचं वय पाळीचं. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते झपाट्याने वजन उतरल्यामुळे, आणि सहसा आपोआप थांबतात. दोन वर्षांनी गळू लागले तर ते वेगळं प्रकरण. त्यामागे लोह, जस्त किंवा प्रथिनं कमी पडत असण्याची शक्यता मोठी. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासायला सांगा. साठा रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन काही काळ बरं दिसत राहतं. साठा फारच कमी निघाला किंवा तोंडाने घेतलेलं लोह लागू पडलं नाही, तर शिरेतून देता येतं. त्याला घाबरू नका.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. तुमचं घोडं लाजेपाशी अडलंय.

वजन पुन्हा सहा किलो वाढलं म्हणून तुम्ही स्वतःला नापास ठरवून मोकळ्या झालात. जरा हिशेब करून बघा. ११८ वरून ८० म्हणजे आजही तुम्ही मूळ वजनाच्या ३२ टक्के खाली आहात. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला या शस्त्रक्रियांचा एक मोठा अभ्यास आहे, ज्यात रुग्णांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावलेली होती. म्हणजे सगळ्यात खालचा आकडा गाठल्यावर वजन थोडं वर सरकणं हे या शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या वाटचालीतच येतं. हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे. तुम्हाला ते कुणी नीट सांगितलं नसावं, याचं मला वाईट वाटतं. ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधी, शांतपणे, घरच्यांना सोबत बसवून सांगायला हवी.

तरीही सहा महिन्यांत सहा किलो, याकडे काणाडोळा करावा असं मी म्हणणार नाही. त्याची कारणं शोधता येतात: खाण्याच्या वेळा विस्कटल्यात का, झोप कमी पडतेय का, वजन वाढवणारं एखादं औषध सुरू झालंय का, थायरॉइड कसं आहे, शस्त्रक्रियेने केलेल्या जोडात काही बदल झालाय का. हल्ली भूक आवरणारी औषधंही आहेत आणि शस्त्रक्रियेनंतर वजन वाढू लागलेल्यांनाही ती देतात, गरज असेल तर. यातलं काहीही घरी बसून, उपाशी राहून आणि स्वतःला बोल लावून होत नाही. उलट, डॉक्टरांना भेटण्याआधी वजन उतरवायचं म्हणून तुम्ही जेवण कमी केलंत, तर आधीच तुटपुंजी असलेली प्रथिनं आणि लोह आणखी घटतील. तपासणीला जाण्यासाठी उपास करून वजन घटवण्याइतकी उलटी गोष्ट नाही.

गोड खाल्ल्यावर धडधडतं, त्याला डम्पिंग म्हणतात. साखर छोट्या पिशवीतून भसकन आतड्यात उतरते, तिच्यासोबत आतड्यात पाणी ओढलं जातं, नाडी वाढते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो. हे खाल्ल्यापासून अर्ध्या-एक तासाच्या आत होतं. याचा दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी होतो. त्यात इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त पाझरतं आणि साखर एकदम खाली जाते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, कडकडून भूक लागते. मग माणूस पुन्हा गोड खातो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. वजन हळूहळू वाढण्यामागे काहींच्या बाबतीत हे चक्र असतं आणि त्यांना वाटतं, आपलाच जिभेवर ताबा नाही. तुमचा त्रास यातला कोणता, हे बघायला भेटीच्या दिवसापर्यंत एका कागदावर काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता झाला एवढंच लिहा. डॉक्टरांना त्या कागदाचा फार उपयोग होतो. तोपर्यंत ताटातले प्रथिनांचे पदार्थ आधी खा, पाणी जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने प्या आणि गोड रिकाम्या पोटी खाऊ नका. कधी भोवळ येऊन पडलात किंवा भान हरपलं, तर ते लपवू नका. तसं होत असेल तर डॉक्टरांनी बघेपर्यंत गाडीही चालवू नका.

गुडघ्यासाठी तुम्ही कोणती गोळी घेता ते लिहिलेलं नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांपैकी काही असेल तर आजच थांबवा. बायपासमध्ये जठराची पिशवी जिथे आतड्याला जोडतात, त्या जोडावर या गोळ्यांनी व्रण होतो. धूम्रपानानेही होतो. व्रण कधी जळजळतो, कधी काहीच जाणवू न देता थेंबथेंब रक्त सांडत राहतो. म्हणजे तुमच्या थकव्यामागे आहारापेक्षा हा व्रणही असू शकतो. म्हणून डॉक्टरांना या गोळीबद्दल न विसरता सांगा, आणि शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर तेही सांगा. तसं होत असेल तर भेटीची वेळ ठरेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी जा. गुडघ्यासाठी तूर्तास पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मर्यादेत. पुढे कधीही दुसऱ्या कुठल्या आजारासाठी कुणी औषध लिहून दिलं, तर ‘माझा गॅस्ट्रिक बायपास झालाय’ हे वाक्य आधी म्हणायची सवय लावून घ्या. काही गोळ्या शरीरात सावकाश विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्या तुमच्या शरीरात पूर्ण लागू पडतीलच असं नाही.

सप्लिमेंटबद्दल. आठवली तर घेतली, हे तुमच्या शस्त्रक्रियेनंतर चालत नाही. बायपासनंतर साधारणपणे रोज मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह आणि बी१२ लागतं. बी१२ रोजच्या गोळीतून घेता येतं किंवा महिन्याला एका इंजेक्शनातून. पाळी चालू असलेल्या स्त्रीला बायपासनंतर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह सुचवतात. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण एका वेळी सुमारे ६०० पेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून ते दोन-तीनदा विभागून घ्यायचं. सिट्रेट प्रकारचं असेल तर उत्तम, कारण त्याला आम्लाची फारशी गरज लागत नाही. इथेच बहुतेकांची गडबड होते. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले की कॅल्शियम लोहाला शोषलं जाऊ देत नाही. सगळ्या गोळ्या एकदाच घेऊन मोकळं व्हावं असं वाटतं, आणि वर्षभर इमाने इतबारे लोह घेऊनही फेरिटिन हलत नाही. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि संध्याकाळी घेतलंत आणि लोह रात्री झोपताना, तर अंतर आपोआप राहतं. लोहाच्या गोळीबरोबर चहा, कॉफी, दूध नको. मल्टिव्हिटॅमिन जवळ आहेच तर ती आजपासून रोज घ्या. बाकीचे डोस तुमच्या रिपोर्टवरून ठरतील. बी१२, फेरिटिन, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, फोलेट, जस्त, तांबं, प्रथिनं, साखर, मूत्रपिंड, यकृत एवढ्या गोष्टी त्या रिपोर्टमध्ये असाव्यात.

मूल हवंय हे वाचून बरं वाटलं. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. तो काळ तुम्ही ओलांडलाय, त्यामुळे वेळ चुकलेली नाही. फक्त क्रम बदला: आधी रक्तातल्या कमतरता भरून काढा, मग प्रयत्न सुरू करा. बाळाच्या मज्जासंस्थेला अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत फोलेट आणि बी१२ लागतं, आणि दिवस गेल्याचं कळेपर्यंत त्यातले काही आठवडे उलटून गेलेले असतात. वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते. गर्भनिरोधक गोळ्या मात्र बायपासनंतर नीट शोषल्या जातीलच याची खात्री नसते, म्हणून तोवर दुसरा उपाय वापरा. दिवस गेले की प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत बायपासबद्दल सांगा. गरोदरपणात मधुमेह तपासायला ग्लुकोजचं पाणी पाजतात, त्याने तुम्हाला डम्पिंग होऊ शकतं. तुमच्यासाठी बोटातलं रक्त काही दिवस तपासण्यासारखी दुसरी पद्धत वापरता येते. अ जीवनसत्त्वाचा प्रकारही तेव्हा बदलावा लागतो, बीटा कॅरोटिन चालतं.

दोन गोष्टी मात्र अशा आहेत, ज्यात भेटीची वेळ घेत बसायचं नाही, तडक तातडीच्या विभागात जायचं. पहिली, पोटात अचानक जोरदार कळा येणं, विशेषतः खाल्ल्यानंतर, मग त्या येऊन-जाऊन असल्या तरी. वजन उतरल्यावर पोटातली चरबी कमी होते, आतड्यांच्या मागच्या फटी मोठ्या होतात आणि आतडं त्यात अडकू शकतं. हे शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही होतं, गरोदरपणात तर जास्तच लक्ष ठेवावं लागतं. स्कॅन ठीक आला तरी कळा थांबत नसतील, तर बायपासची माहिती असलेल्या सर्जनने बघितल्याशिवाय घरी परतू नका. दुसरी गोष्ट, दोन-तीन दिवस टिकणाऱ्या उलट्या. बी१चा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपला की गोंधळल्यासारखं होतं, नजर दुहेरी होते, चाल अडखळते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी बी१ द्यायला हवं. हे तुमच्या घरच्यांनाही माहीत असू द्या, कारण त्या अवस्थेत तुम्ही स्वतः सांगू शकणार नाही.

घरचे ‘आता तुला काय झालंय’ म्हणतात, ते प्रेमानेच म्हणत असतील. त्यांना बारीक झालेली तुम्ही दिसता, रक्तातलं बी१२ दिसत नाही. पुढच्या भेटीला नवऱ्याला सोबत न्या आणि डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. आणि शस्त्रक्रियेनंतर मन खचतं तेही बोला. खाण्यात जो विसावा मिळायचा तो गेलेला असतो, अंगावरची सैल कातडी आरशात दिसते, लोकांची बघण्याची नजर बदललेली असते. काहींच्या बाबतीत खाण्याची जागा दारू घेते आणि बायपासनंतर ती फार पटकन चढते. उदासी दाटून येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तेही तपासणीतच सांगायचं असतं, लोहाइतकंच स्वच्छपणे.

हो, आयुष्यभर जायचं असतं. पण ते दर महिन्याला नाही. पहिल्या वर्षी भेटी जास्त असतात. दोन वर्षांनंतर सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा रक्त द्यायचं आणि एकदा भेटायचं. आतड्याची मांडणी कायमची बदलली आहे, म्हणून तपासणीही कायमची. तुमच्या बाबतीत पुढचे काही महिने जरा जास्त फेऱ्या होतील, मुंग्या आणि लोह मार्गी लागेपर्यंत.

जिथे शस्त्रक्रिया झाली तिथेच जाणं सगळ्यात सोपं, तुमचे जुने रिपोर्ट त्यांच्याकडे आहेत. तिथे जाणं अगदीच नको वाटत असेल, तर दुसरीकडे जा, पण शस्त्रक्रियेची नोंद असलेला कागद, जुने रिपोर्ट आणि सध्याच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, वेदनाशामकाची पट्टीसुद्धा. वजन घेताना आकडा बघायचा नसेल तर तसं सांगा, तुम्हाला न दाखवता नोंद करता येते. फोनवर वेळ मागताना वजनाचा विषय काढूच नका. ‘गॅस्ट्रिक बायपासला दोन वर्षं झाली, वर्षभर तपासणी झालेली नाही, गोळ्या बंद आहेत आणि पायांना मुंग्या येतात’ एवढंच सांगा आणि लवकरात लवकरची वेळ मागा.